एकशे दहा

यवतेश्वराच्या अंगावर आज रात्रीही ती केशरी रेघ आहे.
संध्याकाळी पोवई नाक्यावर लोक गाड्या थांबवून
तिचे फोटो काढत होते.
काढणारच, दिसतेच तशी:
कुणी डोंगराला जरीचा काठ लावावा
आणि काठ चालायला लागावा.

वॉर्डातल्या खिडक्या मी सातलाच लावून घेतल्या,
फटींत ओल्या चादरीच्या पट्ट्या कोंबल्या.
तरी पावणेनऊला नोंदवहीवर बोट फिरवलं,
तर बोटाला डोंगर लागला.

सहा खाटा, नऊ पोरं.
वाफेची मशीनं चार, त्यातलं एक मधूनच रुसतं,
त्याला चापट मारावी लागते.
दोन वर्षांचा शर्विल मास्क लावू देईना.
आईनं तो आधी बाहुलीला लावला, मग स्वतःला.
तो हसला,
आणि हसताना जो खोकला आला
तो थांबेपर्यंत आम्ही कुणीच हललो नाही.

लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त वेळा श्वास घेतात,
हे मी पाठ करून परीक्षा दिली होती.
रात्रपाळीला ते मोजावं लागतं.
डोळा सेकंदकाट्यावर, हात पोटावर,
पन्नास, एक्कावन्न, बावन्न,
आणि दर वेळी बरगड्यांमधली कातडी आत जाते,
जणू आतून कुणी चिमटीत धरून ओढतंय.

दहाच्या सुमाराला स्वरांजली आली,
वरच्या मुऱ्यावरची, तिसरीतली,
जीपमधून, चुलत्याच्या मांडीवर.
तिचं वाक्य पुरं होत नव्हतं.
"मला... पाणी..." आणि मधे एक शिट्टी,
दाराच्या फटीतून वारं वाजतं तशी बारीक.
नळीत फुंकायला सांगितलं.
लाल काटा सरकला, एकशे दहा.
दिवाळीनंतर इथंच तिनं दोनशे काढले होते,
तिच्या लक्षात होतं.
"म्हंजे मी... नापास?"

चुलता दाराशीच उभा. सर्जेराव कणसे.
पायजम्यात कुसळं रुतलेली,
एका भुवईचे केस आखडलेले,
खिशातून काडेपेटीचा कोपरा बाहेर.
मी तो बघितला.
मी बघितलेलं त्यानं बघितलं.
"जाळलं की गवत चांगलं येतंय, सिस्टर.
दरसाल जाळतो. औंदा वारं फिरलं."
मी काहीच विचारलं नव्हतं.

बोलता आलं असतं. व्हरांड्यात वनखात्याचं पोस्टर आहे,
त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.
पण मला आमच्या पाटणकडचा माळ दिसला,
पेटता बोळा घेऊन वाकलेला माझा बाप,
आणि टाळ्या पिटणारी मी, सहा वर्षांची.
तो वास मला आवडायचा.
धाकटा भाऊ त्या दिवसांत
भिंतीला टेकून, बसूनच झोपायचा.
आम्ही म्हणायचो, त्याला तशी सवयच आहे.

मी सर्जेरावला स्टूल दिलं.
"मास्क धरा. नाकाला घट्ट.
हात हलला तर वाफ वाया जाते."
त्यानं धरला. काळा अंगठा, पांढरी वाफ.
रात्रभर त्यानं हात बदलला नाही.

पाचला तिनं पुन्हा फुंकलं, एकशे चाळीस.
"पास कितीला हुतंय?" त्यानं विचारलं.
मी आकडा लिहिला, खाली रेघ मारली.

उजाडलं तेव्हा डोंगर काळा होता, मधे मधे धुमसत.
गवत येईल, तो खोटं बोलला नाही.
आषाढात तिथं हिरवंगार असेल,
आणि लोक पुन्हा गाड्या थांबवतील.

ट्रे आवरताना मला काडेपेटी सापडली,
कापसाच्या बोळ्यांखाली, अर्धी भरलेली.
कधी काढून ठेवली, कळलं नाही.
पिवळा डबा, लाल डबा, निळा.
ही कुठल्यात टाकायची
ते भिंतीवरच्या तक्त्यात नाही.